पांढरं शिंगरू का गेलं?

वाचकाचं पत्र (थोडं छाटून):

डॉक्टरसाहेब, नमस्कार. नागपूरच्या काटोल रोडला, शहर संपल्यावर थोडं पुढे आमचं चार एकर शेत आहे. संत्र्याची झाडं आणि एक छोटं घर. मुलीच्या हट्टापायी दोन वर्षांपूर्वी मिनिएचर घोड्यांची जोडी घेतली. नर तांबडा-पांढरा अबलख आहे, मानेवर आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना मोठे पांढरे चट्टे, एक डोळा निळा. मादी काळीभोर. कपाळापासून नाकापर्यंत रुंद पांढरा पट्टा, बाकी अंगावर पांढरा केस नाही. पाच दिवसांपूर्वी घोडी व्याली. शिंगरू डोक्यापासून खुरापर्यंत पांढरं, डोळे निळे. तासाभरात उभं राहिलं, दूध प्यालं. अख्खी वस्ती पाहायला लोटली. संध्याकाळपासून ते मान वळवून पोटाकडे पाहू लागलं, मग लोळू लागलं. लीद टाकलीच नाही. पोट ढोलासारखं फुगलं आणि दुसऱ्या रात्री गेलं. आई म्हणते, नजर लागली. बारा वर्षांची पोरगी धड जेवत नाही, कारण तिनं त्याला बोटानं गुळाचं पाणी चाटवलं होतं. ज्याच्याकडून जोडी घेतली तो म्हणतो, असं शिंगरू लाखात एक, हीच जोडी पुन्हा लावा, पुढचं जगेल. नाहीतर घोडी परत द्या, वर थोडे पैसे टाका, 'सिल्व्हर डॅपल' देतो. काय करू?

उत्तर:

भाऊ, सदर छापून येईस्तोवर दिवस जातात, म्हणून पहिली गोष्ट तुम्हाला फोनवर लगेच कळवली होती. दुसऱ्या कोणाच्या तबेल्यात हीच वेळ आली तर उपयोगी पडावी म्हणून इथेही लिहितो. नर आणि मादी आजच वेगळे बांधा. मध्ये नुसती दोरी नको, पक्कं कुंपण हवं. घोडी व्यायल्यावर साधारण आठवड्या-दहा दिवसांत पुन्हा माजावर येते, आणि मिनिएचर नर उंचीनं कमी असला तरी या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. तुमचा विकणारा 'पुन्हा लावा' म्हणत बसायच्या आतच काम उरकलेलं असतं.

आता शिंगराकडे येऊ. मी ते पाहिलेलं नाही, आणि नुसत्या पत्रावरून रोगाचं नाव ठोकून देणारा डॉक्टर शहाणा नव्हे. नवजात शिंगराची पहिली चिकट लीद अडकते तेव्हाही ते असंच लोळतं, आणि ते वेळेत एनिमा देऊन सुटतं. पण तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी एकत्र मांडा. अंगावर एकही रंगीत केस नाही. जन्मताना तब्येत ठणठणीत. काही तासांत पोटदुखी, लीद शून्य. आणि आईबापांपैकी एकाच्या अंगावर तुम्ही वर्णन केलेत तसे चट्टे. या चौघांची बेरीज माझ्या अनुभवात एकाच ठिकाणी जाते. त्याला घोडेवाल्यांच्या इंग्रजी बोलीत 'लीथल व्हाइट' म्हणतात. मराठीत सरळ म्हणायचं तर जीवघेणा पांढरा.

आपल्याकडे घोड्याच्या रंगावरून पैज लावायची परंपरा फार जुनी आहे. कद्रू आणि विनता या दोघी सवतींनी उच्चैःश्रव्याच्या शेपटीवरून पैज लावली. विनता म्हणाली, घोडा अख्खा पांढरा. कद्रू म्हणाली, शेपटी काळी. आणि कद्रूनं आपल्या सापलेकरांना शेपटीत काळ्या केसांसारखं लटकायला लावलं. विनता हरली, दासी झाली. मला ही गोष्ट लहानपणी गरुडासाठी आवडायची. डॉक्टरी शिकल्यावर लक्षात आलं की ती रंगाच्या प्रत्येक खरेदीदारासाठी आहे. शेपटीला जे दिसत होतं ते तिथे नव्हतं, आणि तुमच्या काळ्या घोडीत जे आहे ते तिच्या अंगावर दिसत नाही.

'अबलख' हा आपला एकच शब्द, पण त्याच्या आत तीनचार निरनिराळे कारखाने आहेत. एकाला टोबियानो म्हणतात. त्यात पांढरा चट्टा पाठीवरून आडवा ओलांडतो, पाय पांढरे असतात आणि तोंड बहुतेक रंगीत राहतं. दुसरा म्हणजे फ्रेम. त्यात पांढरा रंग मानेवर आणि बरगड्यांवर असतो, पाठीच्या कण्यावरून सहसा ओलांडत नाही, पाय बहुधा रंगीत राहतात, तोंडावर भरपूर पांढरं असतं आणि डोळा निळा असू शकतो. जणू रंगीत चौकटीत पांढरं चित्र बसवलंय, म्हणून फ्रेम. तुमच्या नराचं वर्णन मी दोनदा वाचलं. तो फ्रेमच असणार.

पण एकट्या नरानं हे होत नाही, फ्रेमचा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. म्हणून मला तुमची काळी घोडी जास्त सतावते. फ्रेमचा हा जनुकदोष अंगात असूनही काही घोड्यांवर चट्टा येतच नाही, नुसता तोंडावर पट्टा येतो. कधी तोही नाही. घोडी काळी आहे म्हणून ती 'स्वच्छ' आहे असं तुम्ही धरलंत, विकणाऱ्यानंही धरलं असेल. किंवा त्याला ठाऊक असेल. ते मी ठरवणार नाही.

आता आत काय होतं ते पाहू, कारण हे कळलं की बाकीचे रंग समजायला सोपे जातात. पांढरा डाग म्हणजे तिथे पांढरा रंग लावलेला नसतो. रंग बनवणाऱ्या पेशी त्या जागी पोचलेल्याच नसतात. गर्भ अगदी कोवळा असताना पाठीच्या बाजूला, जिथे पुढे मज्जारज्जू होतो, तिथून काही पेशी प्रवासाला निघतात. त्यांतल्या काही कातडीत शिरून रंगपेशी होतात. त्याच घरातल्या दुसऱ्या पेशी खाली उतरून आतड्याच्या भिंतीत बसतात आणि तिथल्या मज्जापेशी होतात. आतडं लाटेसारखं पुढे सरकतं ते त्यांच्या इशाऱ्यावर. या प्रवाशांना वाट दाखवणारा एक जनुक आहे, ईडीएनआरबी. त्याच्या साखळीत फक्त दोन अक्षरं बदलली की वाट चुकते. १९९८ साली हा दोष शोधला गेला. आईबापांकडून मिळालेल्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असेल तर थोड्या पेशी वाटेत अडकतात, अंगावर चट्टे पडतात, आणि घोडा आयुष्यभर धडधाकट जगतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर कातडीत एकही रंगपेशी पोचत नाही आणि मोठ्या आतड्यात मज्जापेशीही पोचत नाहीत. आतडं असतं, पण हलत नाही. दूध आत जातं, पुढे सरकत नाही, वायू साठतो. माणसाच्या बाळांमध्ये याच जातीचा एक आजार आहे, हिर्शस्प्रुंग नावाचा. त्यात बहुधा आतड्याचा छोटा तुकडाच बिघडलेला असतो, म्हणून शस्त्रक्रिया करून बाळ वाचवता येतं. शिंगरात कापून टाकायला चांगलं-वाईट असं वेगळं काही उरत नाही. बहुतेक शिंगरं दोनतीन दिवसांत जातात. निदान पक्कं झालं की त्यांना शांतपणे झोपवणं हाच डॉक्टरच्या हातातला उपाय.

हे लिहिताना मला स्वतःची एक रात्र आठवते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका फार्महाऊसवर असंच पांढरं शिंगरू पाहायला बोलावलं होतं. मी तीन वेळा एनिमा दिला, नळीतून पातळ पॅराफिन दिलं, पोटदुखीचं इंजेक्शन दिलं, पुन्हा एनिमा दिला. मालक मशाल धरल्यासारखा टॉर्च धरून उभा. पहाटे शिंगरू गेलं. मी मनाशी म्हटलं, आपण उशिरा आलो. पुढे कित्येक महिन्यांनी एका नियतकालिकात या दोषाबद्दल वाचलं तेव्हा कळलं की मी आदल्या दिवशी आलो असतो तरी तेच झालं असतं. हे आधी ठाऊक असतं तर त्या जिवाला सहा तास जास्त त्रास तरी दिला नसता. त्या मालकाला मी ते सांगायला गेलोच नाही, हे आजही बोचतं.

हिशोब सांगतो. आईबाप दोघंही एकेक बिघडलेली प्रत बाळगत असतील, तर प्रत्येक गाभणपणात चारात एक शिंगरू जीवघेणं पांढरं, चारात दोन आईबापांसारखे बाळगणारे, आणि चारात एक पूर्ण स्वच्छ. विकणारा म्हणतो 'पुढचं जगेल'. शक्यता चारात तीन आहे, इतकं त्याचं बोलणं खरं. पण एक गेलं म्हणून पुढची तीन सुटली असा नियम नाही. नाणं आधीचा छापा लक्षात ठेवत नाही, घोडीचं गर्भाशयही ठेवत नाही. आणि 'लाखात एक' तर मुळीच नाही. दोन बाळगणारे एकत्र आणले की चारात एक. हे नशीब नव्हे, गणित आहे.

शंभर टक्के खात्री हवी तर दोघांचे केस तपासा. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस मुळासकट उपटायचे. कात्रीनं कापलेला केस कामाचा नाही, कारण तपासायचा असतो तो मुळाशी चिकटलेला पांढुरका कंद. प्रत्येक जनावराचं वेगळं कागदी पाकीट, वर नाव, लिंग, तारीख. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, पावसाळी दमटपणात बुरशी धरते. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातली पशुवैद्यकीय जनुक प्रयोगशाळा ही तपासणी वर्षानुवर्षं करते. नमुना परदेशी पाठवताना लागणारे कागद आधी विचारून घ्या, आणि हे सगळं एखाद्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या हातून करा. तुम्हाला दूर जायची गरज नाही. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासून. तिथल्या दवाखान्यात घोडीला घेऊन जा. तिचं गर्भाशय स्वच्छ झालं का, कासेत दूध तटून गाठ धरतेय का, हे तसंही पाहायला हवं.

घोडीबद्दल एक तातडीची सूचना, जी तुम्ही विचारली नाहीत. ती खातेय ना? मिनिएचर घोडा एक-दोन दिवस खाणं सोडतो तेव्हा त्याचं शरीर साठवलेली चरबी रक्तात ओतू लागतं, आणि व्यायलेल्या, दूध तटलेल्या, लठ्ठ घोडीत तर फार लवकर. मग यकृत जातं. मोठा घोडा दिवसभर रुसला तर आपण म्हणतो, भूक लागली की खाईल. मिनिएचरला ती सवलत नाही. चोवीस तास तोंड बंद म्हणजे डॉक्टर. तिनं आपलं शिंगरू शोधत हिंडणंही काही दिवस चालेल. सोबतीला दुसरं जनावर द्या, बकरी असली तरी चालते.

नर-मादी वेगळे करायच्या आत एखादा दिवस गेला असेल, तर दोनेक आठवड्यांनी सोनोग्राफी करून घ्या. गाभण निघाली तर ठरवायला वेळ असतो. साधारण पस्तिसाव्या दिवसाआधी इंजेक्शनानं गर्भ मोकळा करणं सोपं जातं, पुढे अवघड होत जातं. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय तुमचा. चारात तीन वेळा सगळं सुरळीत होईल. पण चारात एकदा पुन्हा ती रात्र येईल, आणि तुमच्या घरात बारा वर्षांची मुलगी आहे. मला विचाराल तर मी ठेवणार नाही.

जोडीचं काय? दोघंही चांगली जनावरं आहेत, दोघांत रोग नाही. कुणालाही हाकलू नका. नराला खच्ची करून घ्या, हे माझं स्पष्ट मत. शेतघरावर हौसेनं पाळलेल्या नराला नर ठेवून तुम्हाला काही मिळत नाही, चावरेपणा तेवढा मिळतो. आणि खच्ची केल्याच्या दुसऱ्या दिवशी मादीजवळ सोडू नका. आधीचा साठा अंगात राहतो, महिनाभर तरी थांबा. पुढे कधी घोडीपासून शिंगरू हवंच असेल तर ज्याची तपासणी होऊन 'फ्रेम नाही' असा कागद आहे, असाच नर लावा. मग तिच्या शिंगरांपैकी निम्मी बाळगतील, पण एकही मरणार नाही.

एक गैरसमज इथेच मोडतो, नाहीतर उद्या कोणी पांढरं शिंगरू दिसलं की घाबरून डॉक्टरला सुई मागेल. प्रत्येक पांढरं शिंगरू जात नाही. क्रीम नावाचा एक जनुक आहे. त्याची एक प्रत तांबड्या घोड्यावर आली की तो सोनेरी होतो, आयाळ पांढरी. त्याला पालोमिनो म्हणतात. दोन प्रती आल्या की अंग फिकट साईसारखं, कातडी गुलाबी, डोळे निळे, आणि घोडा ठणठणीत. पण त्यासाठी आई आणि बाप दोघांकडे क्रीम हवा. काळ्या घोडीत क्रीमची एक प्रत दडून राहू शकते. तांबड्या नरात मात्र दडत नाही, तो सोनेरीच झाला असता. तुमचा नर खरोखर तांबडा असेल तर तुमचं शिंगरू या वाटेनं पांढरं झालेलं नाही. नवरदेवाची पांढरी घोडी आणखी वेगळी. ती बहुतेक वेळा जन्मतः काळी किंवा तपकिरी असते आणि वयानुसार पिकत जाते. तिची कातडी काळीच राहते, नाकपुडीकडे पाहा. अशा घोड्यांच्या शेपटीखाली उतारवयात काळ्या गाठी येतात, तेवढं लक्ष ठेवावं लागतं. आणि पंजाबकडचा नुकरा म्हणजे गुलाबी कातडीचा पांढरा, तो जन्मापासूनच तसा.

आता तुमच्या विकणाऱ्याचा 'सिल्व्हर डॅपल'. रंग देखणा आहे, यात वाद नाही. काळ्या अंगाचा चॉकलेटी होतो, आयाळ आणि शेपूट रुपेरी, कधी अंगावर नाण्यांएवढे ठिपके. शेटलंड आणि मिनिएचरमध्ये तो चांगलाच आढळतो, म्हणजे 'दुर्मिळ' शब्दाला फारसा अर्थ नाही. हा जनुक फक्त काळ्या रंगद्रव्यावर काम करतो. तांबड्या घोड्यात काळं द्रव्य नसतंच, म्हणून तिथे तो काही न करता बसून राहतो. कोणी सांगावं, तुमच्याच तांबड्या नरात तो असेल. केस तपासायला पाठवताना तेही विचारून घ्या, म्हणजे घोडी देऊन जे विकत आणायला निघालात ते तबेल्यात आधीच आहे का ते कळेल.

पण सिल्व्हरसोबत डोळ्यांचा एक दोष येतो. एक प्रत असलेल्या घोड्याच्या डोळ्यात पाण्याच्या बारीक गाठी असू शकतात, नजर बहुधा शाबूत राहते. दोन प्रती असतील तर डोळ्याची रचनाच बिघडते. बुबुळ पुढे आलेलं, बाहुली उजेड-अंधारात नीट लहानमोठी न होणारी, नजर कमी. म्हणून 'सिल्व्हर नर, सिल्व्हर मादी, म्हणजे शिंगरू नक्की सिल्व्हर' ही जाहिरात ऐकली की मी खिशावर हात ठेवतो. हा रंग मिळवायला एकच प्रत पुरते. दुसरी प्रत रंगात भर घालत नाही, डोळ्यातून वजा करते. घ्यायचाच असेल तर एक प्रत असलेला घ्या, आणि व्यवहाराआधी डोळे तपासून घ्या.

आणि फोटोवर जाऊ नका. मिनिएचरच्या अंगावर थंडीत अस्वलासारखे केस वाढतात, उन्हाळ्यात ते कातरले की खालचा रंग वेगळाच निघतो. शिंगराचे बाळकेस गळले की पुन्हा वेगळा. पिकू लागलेल्या साध्या घोड्याच्या अंगावरही गोल ठिपके येतात, आणि तो 'डॅपल' म्हणून सिल्व्हरच्या भावात खपतो. चार वर्षांनी मालक म्हणतो, अरे, हा पांढरा काहून झाला बाप्पा!

बाजारात तुम्हाला बिबट्यासारखे ठिपके असलेला मिनिएचरही दाखवतील. अर्जेंटिनाच्या फालाबेला जातीच्या बुटक्या घोड्यांत तो रंग आढळतो. इथे एलपी नावाचा जनुक काम करतो. ओळखायची खूण: नाकपुडीची कातडी चितकबरी, डोळ्याचा पांढरा भाग माणसासारखा उघडा दिसतो, खुरांवर उभे पट्टे. एक प्रत असेल तर हवे तसे ठिपके. दोन प्रती असतील तर ठिपके उलट कमी होतात, अंग जवळजवळ पांढरं होतं, आणि तो घोडा जन्मतः रातांधळा असतो. दिवसा आपल्याला काही कळत नाही. रात्री भिंतीला धडकतो. आपल्याकडच्या शेतात हे हलक्यानं घेऊ नका. लाईट गेलेली, बिनकठड्याची विहीर, मोटारपंपाचा खड्डा, तारेचं कुंपण. असा घोडा पाळणारे लोक आहेत, नीट पाळतात, पण रात्री बंदिस्त जागा आणि दिवा हवाच. तुमच्या शेतात विहीर आहे का, ते पत्रात नाही. संत्र्याची बाग आहे म्हणजे असणारच.

आणखी एक नमुना, स्प्लॅश. घोडा पायाकडून पांढऱ्या रंगाच्या हौदात उभा बुडवल्यासारखा दिसतो, तोंड पांढरं, डोळे निळे. यातले काही बहिरे असतात. कानाच्या आतल्या भागालाही रंगपेशी लागतात, त्या पोचल्या नाहीत की ऐकू येत नाही. मागे उभं राहून टाळी वाजवून पाहा, कान वळतात का. बहिरा घोडा वाईट नसतो, पण मुलगी मागून जाऊन त्याला मिठी मारणार असेल तर आधी ठाऊक असलेलं बरं.

पाहिलंत ना, आतडं, डोळा, कान. म्हणूनच मी म्हणतो, अंगावरच्या पांढऱ्याकडे पाहून भुलू नका, त्या पेशी आणखी कुठे कामाला होत्या ते विचारा. आपले जुने घोडेवाले पारखी होते. सारंगखेड्याच्या यात्रेत आजही पंचकल्याणी, देवमण, कंठळ, कुमैत अशा खुणांवरून घोड्याचा भाव चढतो-उतरतो. भोवरा कुठे आहे यावरून सौदा मोडलेला मी पाहिलाय. ती नजर केसांपुरती होती, आणि त्या काळात तेवढंच हाती होतं.

मी तुमच्या जागी असतो आणि रंगाची हौस भागवायचीच असती, तर क्रीमच्या वाटेनं गेलो असतो, म्हणजे पालोमिनो किंवा काळ्या आयाळीचा बदामी. त्यात अंतर्गत बिघाड येत नाही. दोन प्रतींचा साईसारखा घोडा मात्र नागपुरात मी घेणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, गुलाबी नाक आणि पापण्या भाजून निघतात. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी दुपारी सावली आणि नाकावर झिंक ऑक्साइडचं मलम चुकवू नये. तुमच्या नराच्या निळ्या डोळ्याकडच्या गुलाबी कातडीलाही हेच लागू.

रंगाहून मोठी गोष्ट उंचीची आहे. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन मिनिएचरसाठी आयाळीच्या शेवटच्या केसापाशी ३४ इंचांची मर्यादा धरते. विकणारे 'याहून छोटा, याहून छोटा' करत भाव चढवतात. पण फुगीर कपाळ, खालचा जबडा पुढे, वाकडे पाय, असा बुटका घोडा म्हणजे ठेंगणेपणाचा जनुकरोग, नुसता लहान घोडा नव्हे. तोही दोन्ही आईबापांकडून लपत येतो, त्याचीही केसांवरून तपासणी होते. नवीन जनावर आणणार असाल तर फ्रेमसोबत तीही करून घ्या. आणि कुठूनही आणा, तबेल्यात घ्यायच्या आधी ग्लँडर्सची रक्ततपासणी हवीच. तो रोग माणसालाही होतो, आणि कायद्यानं कळवावा लागतो.

तर अदलाबदल करू नका. घोडी परत दिलीत तर ती दुसऱ्या कुणाच्या फ्रेमवाल्या नराला लावली जाईल, आणि तिथेही कोणीतरी टॉर्च धरून उभं राहील. विकणाऱ्याला मात्र कळवा, लेखी कळवा, तपासणीचा कागद जोडून. त्याच्याकडे या दोघांचे भाऊबहीण असतील.

तुमच्या आईंशी मी वाद घालणार नाही. त्यांना मीठ-मोहरी ओवाळू द्या, त्यानं जनुक बदलत नाही आणि घरातली शांतता टिकते. मुलीचं मात्र आजच करा. तिला समोर बसवून सांगा की गुळाच्या पाण्याचा काही संबंध नव्हता. ते शिंगरू पोटात असतानाच, जवळजवळ अकरा महिन्यांपूर्वी, त्याच्या आतड्याचं काय ते ठरलेलं होतं. तिनं चाटवलेलं बोटभर गोड पाणी ही त्याला मिळालेली एक चांगली गोष्ट होती. समजावून पटलं नाही तर केस उपटायच्या दिवशी तिला सोबत घ्या. घोडी तिच्या हाताला शांत राहत असेल, आयाळ तिलाच धरू द्या. पाकिटावरची नावंही तिच्याच अक्षरात लिहू द्या, आणि निकाल आला की कागद आधी तिच्या हाती द्या.